उचल आणि पदवी

दलित साहित्याने शिक्षणाविषयी जितके लिहिले तितके दुसऱ्या फार थोड्या गोष्टींविषयी लिहिले असेल. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने वेगवेगळ्या जातीजमातींतून आली. त्यांची भाषा वेगळी, भूक वेगळी, अपमानाची तऱ्हाही वेगळी. पण शाळेच्या पायरीपाशी ती सगळी थांबतात. पाटी, वसतिगृह, फी माफीचा अर्ज, मास्तरांची नजर हे सारे त्यांत आहे. कर्जही आहे. पण ते वाण्याचे आहे, सावकाराचे आहे, लग्नाचे आणि आजारपणाचे आहे. पदवीसाठी काढलेले कर्ज त्यांत नाही. त्या पिढीने पदवीची किंमत उपाशी राहून, मार खाऊन, गाव सोडून दिली. बँकेचा हप्ता भरून दिली नाही. आज आमच्या वस्तीत पदवी येते ती परतफेडीचे वेळापत्रक बरोबर घेऊन येते, आणि आमचे साहित्य त्या कागदापर्यंत अजून पोहोचलेले नाही.

म्हणून या लेखात मी एखाद्या कथासंग्रहाची समीक्षा करणार नाही. मला दोन वेगळ्या संहिता वाचायच्या आहेत. एक आहे नांदेड-लातूरकडच्या खाजगी नर्सिंग, फिजिओथेरपी आणि पॅरामेडिकल महाविद्यालयांचे माहितीपत्रक. दुसरी आहे एका मुलीची हिशोबाची वही. मी मराठी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतलेली नव्हती. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नाही असे कोणी म्हणेल. पण ज्याच्या घरात उचल आणि व्याज ही पाळण्यातली भाषा असते त्याला हा प्रांत परका नसतो.

आधी भूमी पाहू. १९८० नंतरच्या दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. त्यामागे शिक्षकांचे कष्ट होते हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे त्या पॅटर्नची बाजारपेठ झाली. आज लातूरचा ट्यूशन एरिया आणि नांदेडमधील शिकवण्यांचे रस्ते ‘नीट’च्या फलकांनी झाकलेले आहेत. फलकावर ज्यांचे फोटो असतात ते मोजके. फलकावर नसलेल्या हजारो पोरांचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही सत्कार समारंभात विचारला जात नाही. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. त्यांतील जागा किती आणि रांग किती! उरलेला लोंढा मग उताराने खाली येतो: बीएएमएस, बीएचएमएस, बीपीटीएच, बीएससी नर्सिंग, जीएनएम, बीएमएलटी, डीएमएलटी, रेडिओग्राफी, ओटी टेक्निशियन. घराघरात त्याला ‘बॅकअप’ म्हणतात. “डॉक्टर नाही तर नाही, दवाखान्यातलं काही तरी होऊ दे,” असे म्हणणारी आई मुखेड-कंधारच्या वाडी-तांड्यांतही भेटते आणि लातूरच्या झोपडपट्टीतही भेटते. कायद्याच्या दृष्टीने परिचर्या हा वेगळा प्रांत आहे. संलग्न आरोग्यसेवांसाठी २०२१ चा स्वतंत्र कायदा आणि राष्ट्रीय आयोग आहे. कर्जाच्या वहीत मात्र हा फरक उरत नाही. म्हणून मी दोहोंचा एकत्र विचार करतो.

आता माहितीपत्रक. माझ्यापुढे तीनचार आहेत. संस्थांची नावे घेण्यात अर्थ नाही, कारण मजकूर सगळ्यांचा सारखाच आहे. पहिल्या पानावर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि वाघिणीच्या दुधाचा दाखला. हे दूध किती रुपयांना लिटर आहे ते शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. मधल्या पानांवर पांढरा कोट घातलेल्या गोऱ्यापान मुली, ज्या आमच्या वर्गात कधी दिसत नाहीत. आणि एक चौकट: ‘नोकरीच्या संधी’. या चौकटीची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. तिच्यातल्या वाक्यांना कर्ता नसतो. ‘आकर्षक वेतन मिळते.’ कोण देते? ‘परदेशात प्रचंड मागणी आहे.’ कोणाला? कोणत्या परीक्षेनंतर? ‘दरमहा ४० हजारांपर्यंत.’ या ‘पर्यंत’ शब्दावर संपूर्ण पत्रक उभे आहे. भाषाशिक्षक म्हणून सांगतो, मराठीत इतके काम करणारे दुसरे शब्दयोगी अव्यय मला माहीत नाही.

हा ४० हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही. बीएससी नर्सिंग झालेल्या मुलीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. तेथे २५ हजार मानधन आणि कामगिरीवर आधारित जास्तीत जास्त १५ हजार, असे मिळून ४० हजार होतात. पद कंत्राटी आहे, आणि १५ हजार ‘कामगिरी’ मोजणाऱ्याच्या हातात आहेत. शासकीय अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. ही नोकरी मिळाली तर घर उभे राहते यात शंका नाही. पण त्याच आरोग्य खात्याच्या छपराखाली राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकेला जिल्हा परिषदेच्या जाहिरातींतून २० हजार, प्रयोगशाळा तंत्रज्ञाला १७ हजार मानधन देऊ केलेले आपण वाचतो. आणि खाजगी दवाखान्यांत? माझ्या एका विद्यार्थिनीला शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये पहिल्या महिन्याला जे पाकीट मिळाले त्यात दहा हजारही नव्हते. तिने विचारल्यावर उत्तर मिळाले, “अनुभव मिळतोय ना?” अनुभव हे चलन बँकेत चालत नाही.

थोडे गणित करू. समजा, एका मुलीने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख, असे ४ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. व्याज १० टक्के धरू. अभ्यासाची चार वर्षे आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज झोपत नाही. सरळव्याजाने धरले तरी पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०: एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१३६ रुपये. २० हजारांच्या मानधनातून हे ३६ टक्के झाले, १७ हजारांतून ४२ टक्के. दहा वर्षांत बँकेत साडेआठ लाखांहून अधिक जातात. ज्या घराचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्याला अभ्यासकाळातल्या व्याजाची सवलत देणारी केंद्राची योजना २००९ पासून आहे. ती मिळाली तर हप्ता सुमारे ५,२८६ वर येतो. तरीही २० हजारांतले २६ टक्के जातातच.

हे जास्त की कमी, हे कशावर ठरवायचे? अमेरिकेत, म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरात, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी एक नियम २०१४ साली झाला, २०१९ साली रद्द झाला आणि २०२३ साली पुन्हा आला. त्याचे म्हणणे साधे आहे. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची मधली कमाई काढा आणि त्यांचा मधला वार्षिक हप्ता काढा. हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांवर गेला, आणि निर्वाहापुरती रक्कम वगळून उरलेल्या कमाईच्या २० टक्क्यांवरही गेला, तर अभ्यासक्रम नापास. तीन वर्षांत दोनदा नापास झाला तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. येथे नापास होतो तो अभ्यासक्रम; विद्यार्थी नव्हे. आमच्याकडे याच्या उलट चालते. आमच्याकडे हप्ता थकला की मुलगी नापास, तिचा जामीनदार बाप नापास, आणि महाविद्यालय पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर तिचाच फोटो छापून मोकळे.

येथे एक रास्त शंका निघेल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे. मग कर्ज कशासाठी? सवर्ण सहकारी हा प्रश्न खोचकपणे विचारतात आणि आमचे कार्यकर्तेही कधी कधी भाबडेपणाने विचारतात. उत्तर तपशिलात आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली तर शिक्षण शुल्क शासन भरते, हे खरे. पण फेऱ्या संपल्यावर संस्थेच्या पातळीवर जी जागा ‘मिळवून दिली’ जाते तिला हे छत्र नसते, आणि आमची पोरे बहुधा तेथेच सापडतात, कारण कागदपत्रे वेळेवर जमत नाहीत आणि सल्ला देणारा माणूस दलाल असतो. दुसरे, उत्पन्नाची मर्यादा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २०१३ पासून अडीच लाखांवर खिळलेली आहे. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची मर्यादा ८ लाख, २०२४ साली मुलींच्या शुल्कमाफीसाठी ठरवलेली मर्यादाही ८ लाख. त्या मुलींच्या शुल्कमाफीचे मी स्वागतच करतो. पण महारवाड्यातला, मांगवाड्यातला शिपाई अडीच लाखांवर ‘सधन’ होतो आणि दुसरीकडे आठ लाखांपर्यंत माणूस ‘दुर्बल’ राहतो, ही कोणत्या अंकगणिताची शाळा? त्या शिपायाच्या मुलाला फ्रीशिपमुळे शुल्क माफ होते, पण निर्वाह भत्ता जातो. आणि तो भत्ता तरी केवढा? वसतिगृहात राहणाऱ्या वरच्या गटातल्या विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये, महिन्याचे ११२५. नांदेडच्या श्यामनगरात एवढ्यात कॉटसुद्धा मिळत नाही. स्वाधार योजना आली, ती चांगली आहे, पण पैसा येतो तेव्हा बहुधा सत्र संपलेले असते. मधल्या काळात महाविद्यालय मूळ कागदपत्रे अडकवून ठेवते. म्हणजे आमचे कर्ज पुष्कळदा शुल्काचे नसतेच. ते खोलीचे असते, मेसचे असते, अनामत रकमेचे आणि गणवेशाचे असते; शासनाच्या उशिराचे असते. बँक अशा कर्जाला फारसे विचारत नाही. मग ते बचत गटातून, मायक्रोफायनान्सवाल्याकडून किंवा मुकादमाकडून येते, आणि कोणत्याही अहवालात ‘शैक्षणिक कर्ज’ म्हणून मोजले जात नाही.

बँकेविषयीही दोन शब्द. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमी आहे, हे परिपत्रकात आहे. काउंटरवर मात्र पहिला प्रश्न येतो, “सातबारा आहे का?” मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या माणसाने चाळीस-चाळीस वर्षे ज्या कागदासाठी मोर्चे काढले तोच कागद त्याच्या नातीच्या पदवीच्या आड येतो. २०२४ साली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना आली: दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, ८ लाखांपर्यंतच्या घरांना. पण ती देशातल्या निवडक ‘गुणवत्तापूर्ण’ संस्थांपुरती. ज्या संस्था क्रमवारीत वर आहेत त्यांच्याच विद्यार्थ्याला स्वस्त कर्ज, आणि बायपासवरच्या इमारतीत शिकणाऱ्याला महाग. गुणवत्तेची शिक्षा संस्थेऐवजी विद्यार्थ्याला, हे सूत्र पुन्हा येथेही.

आता ज्यांचे छायाचित्र पहिल्या पानावर असते त्यांच्याकडे वळू. बाबासाहेबही बंधनाच्या पैशावर शिकले. १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. १९१७ साली बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सुटली. पुढे संस्थानने त्या पैशाची मागणी केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयाच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले उसने पैसे यांवर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. रुपयाचा प्रश्न त्यांना केवळ ग्रंथालयात भेटला नव्हता. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे जे निवेदन दिले त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणाचा खर्च अस्पृश्यांना पेलणारा नाही, तो सरकारने उचलावा, असा आग्रह होता. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. कर्ज काढून शिकलेल्या माणसाने आपल्या समाजासाठी सुलभ कर्ज मागितले नाही; शिष्यवृत्ती मागितली. आमच्या आजच्या मेळाव्यांत ‘शैक्षणिक कर्जाची मर्यादा वाढवा’ असे ठराव होतात तेव्हा मला हा फरक आठवतो.

आणि उचल. मुखेड, कंधार, लोहा या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. या व्यवस्थेची भलामण करण्याचा प्रश्नच नाही. ती वेठबिगारीची सख्खी बहीण आहे. पण एका गोष्टीत ती शैक्षणिक कर्जापेक्षा उघडी आहे. कोयता उचलण्याआधी माणसाला टनाचा दर ठाऊक असतो. तो दर ठरवण्यासाठी साखर संघ आणि मजुरांच्या संघटना एका टेबलाशी बसतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीचा करार झाला, तो वर्तमानपत्रांत आला, फडावरच्या बाईलाही कळला. तिच्या मुलीने मात्र लाखांची उचल घेतली ती आपल्या श्रमाचा दर माहीत नसताना. पांढऱ्या कोटाचा दर कोणत्या टेबलावर ठरतो?

हा दर ठरवण्याचा एक प्रयत्न झाला होता. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये आदेश दिला, त्यानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी सूत्र सुचवले: ५० खाटांखालच्या दवाखान्यातही २० हजारांहून कमी नको, २०० खाटांवर शासकीय वेतनाइतके. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या, आणि तेथील सरकारने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. त्याआधी २०११-१२ मध्ये मुंबई-दिल्लीतल्या परिचारिकांनी बाँड आणि अडकवलेली प्रमाणपत्रे यांविरुद्ध संप केले होते. त्यांतल्याही अनेकजणी कर्ज काढून शिकलेल्या होत्या. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये असा संप झाल्याचे मी ऐकलेले नाही. तेथे काम करणाऱ्या मुलींना एकत्र बसायला पाळीच्या वेळा सापडत नाहीत हे एक कारण. दुसरे कारण असे की आमच्या संघटनांनी या मुलींना कामगार मानलेच नाही. त्या आमच्या दृष्टीने ‘शिकलेल्या’ आहेत, म्हणजे सुटलेल्या आहेत.

त्या सुटलेल्या नाहीत. ‘अलाइड’ या शब्दाकडेच पाहा. संलग्न, पूरक, जोडीला असणारे. कशाला संलग्न? डॉक्टराला. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेत कामांपेक्षा माणसांचीच प्रतवारी कशी लावलेली असते ते दाखवले. इस्पितळाच्या जिन्यावर उभे राहिले की ते पुन्हा दिसते. वर कोण, मधे कोण, रक्ताची बाटली कोण उचलतो, फरशी कोण पुसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये असे पत्र केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाकडून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. एका उपाधीवरून एवढी धांदल होते यावरूनच जिन्याच्या पायऱ्या किती जपल्या जातात ते कळते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे उदाहरण पैशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणी अहवालावर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी असे सांगितले. रुग्णाच्या दृष्टीने यात चूक काढणे कठीण आहे. पण त्यामुळे डीएमएलटी, बीएमएलटी झालेल्या पोराचा स्वतःच्या लॅबचा रस्ता दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहिला. माहितीपत्रकात ‘स्वतःची लॅब टाका’ हे वाक्य अजून आहे. आमच्या आज्या गावोगाव बाळंतपणे करीत. वार आणि नाळ काढून पुरण्याचे काम त्यांचे, आणि मोबदला जोंधळ्याच्या सुपाएवढा. त्या कामाला विद्यापीठ मिळाले, गणवेश मिळाला, ही प्रगती खरी. सुपाचा हिशोब मात्र पूर्ण बदललेला नाही.

कोणी म्हणेल, पुरवठा जास्त आणि मागणी कमी, बाजाराचा नियम. नांदेडने याचे उत्तर २०२३ साली पाहिले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत तेथील शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांची टंचाई आणि अपुरे मनुष्यबळ यांची चर्चा राज्यभर झाली. त्याच महिन्यात आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले होते. त्याआधी सप्टेंबरातच शासनाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत सर्व दर्जांची पदे भरण्याचा निर्णय काढला होता, जो ऑक्टोबरात मागे घेतला गेला. म्हणजे खाटेपाशी माणूस नाही, आणि खाटेपाशी उभे राहायला शिकलेला माणूस हप्त्यासाठी वणवण करतो आहे. यात बाजार कोठे आहे? येथे आहे ती रिक्त ठेवलेली जागा, आणि जागा रिक्त ठेवणे हा निर्णय असतो.

विद्यार्थी मला विचारतात, मग घ्यावे की नको? गुळमुळीत उत्तर देणे मला बरे वाटत नाही. शासकीय महाविद्यालयात बीएससी नर्सिंगची जागा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. खाजगीत, पण केंद्रीय फेरीतून, शुल्क माफ होऊन मिळत असेल तरी घ्या; राहण्याखाण्याची सोय वसतिगृहात होते का ते आधी पाहा. संस्थेच्या जागेवर, लाखांचे कर्ज काढून फिजिओथेरपी करण्याआधी स्वतःला विचारा की पुढे दवाखाना थाटायला भांडवल कोण देणार. वडिलांचे दुकान शहरात असलेल्याचे गणित वेगळे आणि आपले वेगळे. आणि परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाचे नाव लावून दोन खोल्यांत चालणाऱ्या पॅरामेडिकलला नकार द्या. नकार हा आमच्या साहित्यातला मोठा शब्द आहे. तो प्रवेश अर्जाच्या खिडकीपाशीही वापरता येतो. काही मित्र म्हणतात की असे हिशोब मांडल्याने पोरांची उमेद खचते. माझा अनुभव वेगळा आहे. हिशोब न कळल्याने जी उमेद खचते ती तिसऱ्या वर्षाला, निम्मे कर्ज झाल्यावर खचते, आणि तेव्हा परतीची गाडी नसते.

दुसऱ्या संहितेविषयी थोडक्यात. ही वही शंभर पानी, वर शाळेच्या वहीसारखे चित्र. मुलगी मातंग समाजातली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. संस्थेच्या जागेवर तिने खाजगीत नर्सिंग केले, तीन लाख कर्ज काढून. आता कंत्राटी परिचारिका आहे. तिच्या परवानगीने मी ती वाचली. वाक्य एकही नाही, विशेषण तर नाहीच. प्रत्येक पानावर महिना आणि त्याखाली ओळी: हप्ता ५,३५०, खोली ३,०००, मेस २,८००, गावी ४,०००, मोबाइल, प्रवास, भावाची परीक्षा फी. कंत्राटाला खंड पडला त्या महिन्यात ‘गावी’पुढे शून्य आहे, हप्त्यापुढे मात्र आकडा तोच. कोविडवरच्या कवितांत मी वीरांगनांच्या पुष्कळ प्रतिमा वाचल्या. २०२० च्या मे महिन्यात दवाखान्यांवर आकाशातून फुले टाकली गेली तेही पाहिले. या वहीतल्या त्या शून्याइतके अर्थवाही मला त्यांत काही सापडले नाही. आमच्या वाङ्मयीन कसोट्या अशा लेखनाला जागा देतात का, याचा विचार या नियतकालिकाच्या वाचकांनी करावा असे मला वाटते.

वहीत एक ओळ दर महिन्याला येते, तिला नाव नाही. फक्त ५००, आणि त्यापुढे बरोबरची खूण. मी विचारले. ती म्हणाली, “सर, ते बँकेचं नाही. शेवटच्या वर्षी परीक्षेआधी कॉलेजनं बाकी भरा म्हणून हॉल तिकीट धरून ठेवलतं. तवा मायनं बचत गटातून उचलले होते. माय म्हणती राहू दे. पर गटात तिचं नाव लिवलेलंय.”